लहानपणी आवडणारा एखादा अल्बम मोठेपणी पुन्हा ऐकल्यावर तुम्हाला काय वाटलं?

माझा अल्बम ‘गारवा’. १९९८ साली आला तेव्हा मी चौथीत होते, बार्शीला. मिलिंद इंगळे यांचं संगीत आणि आवाज, शब्द सौमित्र यांचे. गाण्यांच्या अधूनमधून सौमित्र स्वतः कविता म्हणतात, हे ज्यांनी ऐकलंय त्यांना आठवेलच.

मला त्या कविता अजिबात नको असायच्या. आमच्या टेपरेकॉर्डरला तीन आकडी काउंटर होता. कुठल्या आकड्याला बोलणं संपून गाणं सुरू होतं ते मी पाठ केलं होतं आणि बरोबर तिथपर्यंत कॅसेट पुढे पळवायचे. ‘झाडाखाली बसलेले’ हे माझं सगळ्यात लाडकं गाणं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘अगं, ते बोलतायत ते तरी पूर्ण होऊ दे!’ मला कळायचं नाही, गाण्याच्या कॅसेटमध्ये बोलणं कशाला ऐकायचं.

नंतर कॅसेट गेली, टेपही गेला. मध्ये एकदा, २०१४ मध्ये, ‘फँड्री’ बघायला गेले होते. नागराज मंजुळे आमच्याच जिल्ह्यातले, करमाळ्याकडचे, म्हणून मुद्दाम गेले. जब्याच्या बापाचं काम करणारे किशोर कदम म्हणजेच सौमित्र, हे मला घरी परत येताना मैत्रिणीने सांगितलं. ज्या आवाजाला मी फॉरवर्डचं बटण दाबून गप्प करायचे, त्या माणसाचा चेहरा मी दोन तास पाहत होते. त्या रात्रीच ‘गारवा’ पुन्हा ऐकायला हवा होता, पण राहून गेलं ते राहूनच गेलं.

शेवटी ऐकला गेल्या वर्षी मे महिन्यात, पुण्याहून बार्शीला एकटीच गाडी चालवत जाताना. भर दुपार, इंदापूरच्या पुढे रस्ता नुसता तापलेला. आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की पावसाचा हा अल्बम उन्हाने सुरू होतो. आधी उकाडा येतो, मग पावसाची वाट पाहणं, आणि त्यानंतर कुठे पाऊस. लहानपणी मी उन्हाचा भाग पळवून थेट पावसात शिरत होते, त्यामुळे तो गारवा मला कधी नीट लागलाच नसणार. आमच्या भागात तर हे अगदी शब्दशः खरं आहे. मृग कोरडा गेला की माणसं बोलायची कमी होतात.

गाण्यांचं म्हणाल तर ‘झाडाखाली बसलेले’ आजही गोड वाटतं, पण एकदा ऐकलं की पुरतं. ‘पाऊस दाटलेला’ तेव्हा संथ म्हणून कंटाळवाणं वाटायचं, ते मात्र मी त्या दिवशी टेंभुर्णीपर्यंत चार वेळा लावलं. काही ठिकाणचा वाद्यमेळ आता त्या काळातला वाटतो, याचं मला काही वाईट वाटलं नाही.

मग ‘बघ माझी आठवण येते का’ ही कविता लागली आणि मी गाडी कडेला घेतली.

आम्ही बार्शीला होतो तेव्हा बाबांची बदली रत्नागिरीला झाली होती. माझ्या शाळेसाठी आई आणि मी मागे राहिलो. तीन वर्षं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आमच्याकडे त्याचा पाचवा हिस्सासुद्धा धड नाही. बाबा रविवारी एसटीडी बूथवरून फोन करायचे तेव्हा मागे पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, आणि आई इकडे कोरड्या अंगणाकडे बघत विचारायची, ‘छत्री आहे ना?’ एवढंच. पैशांचा मीटर पळत असायचा. पाऊस एकाकडे आहे, आठवण दुसऱ्याकडे, आणि मध्ये नुसता एक प्रश्न, हे त्या कवितेत आहे तसंच्या तसं आमच्या घरात चाललं होतं. आणि मी नेमकं तेवढंच आईला ऐकू देत नव्हते.

तुम्ही तुमचा अल्बम पुन्हा ऐकणार असाल तर पहिल्यापासून, क्रमाने ऐका, आवडती गाणी निवडून ऐकू नका. आणि तेव्हा घरात तो आणखी कोण ऐकत होतं, ते आठवून बघा. मला तरी खरं सापडलं ते तिथेच.

बार्शीला पोचल्यावर संध्याकाळी दोघांना बसवून मी तो पूर्ण लावला. बाबांनी हा अल्बम कधीच ऐकला नव्हता. ती कविता संपली तेव्हा ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग आईला म्हणाले, ‘हे तू तेव्हा ऐकायचीस?’

‘छे हो, हिला गाणी हवी असायची,’ आई म्हणाली, ‘म्हणून लावायचे.’

मी काही बोलले नाही. पुढचं गाणं सुरू झालं होतं.