जुनी स्पीडबोट घेतलीस? आधी ट्रान्सम ठोकून बघ

नव्या इंजिनाचं खूळ तूर्त बाजूला ठेव. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक फायबर बोटींच्या ट्रान्सममध्ये, म्हणजे इंजिन लावतात त्या मागच्या भिंतीत, प्लायवुड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं, वरचा जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) मात्र चकाचक. हातोडीच्या दांड्याने इंचाइंचावर ठोक. टणटणीत वाजलं तर ठीक. भद्द वाजलं तर खालचा एखादा स्क्रू काढून बघ. तपकिरी पाणी झिरपलं की समज, पैसे आधी तिथेच घालायचे.

नवं फोर-स्ट्रोक इंजिन शांत चालतं, पेट्रोलही कमी पितं, कबूल. पण तेवढ्याच ताकदीच्या जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा ते बहुधा जड असतं. मागे भार वाढला की बोट बुडावर बसते, तेव्हा वजन बघूनच ठरव.

मालवणच्या समुद्रातून आलास की इंजिन गोड्या पाण्याने धुवायचंच, कितीही कंटाळा आला तरी. इंपेलर (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) दरवर्षी बदल. झिंक, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः गंजून झिजणारा धातूचा तुकडा, अर्धं झिजलं की नवं लाव, त्यावर रंग फासू नकोस (लोक फासतात!). पंपावरचं इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढतं. पेट्रोलचे जुने रबरी पाइप काढ, पाणी वेगळं करणारा फिल्टर बसव. पावसाळ्याआधी बोट वर ओढशील तेव्हा ड्रेन प्लग काढून नाक उंच ठेव, म्हणजे आत साचलेलं पाणी मागून निघून जाईल.