क्लारा बो बोलपटात का टिकली नाही?

गेल्या अंकात या सदरात क्लारा बो या हॉलिवूडच्या मूकपट-नायिकेची ओळख करून दिली होती. त्यावर नाशिक परिसरातून बरीच पत्रे आली. त्यांतील काहींची ही उत्तरे.

प्रश्न : आमच्या मंडळात क्लाराचा 'इट' हा मूकपट दाखवला. सगळी माणसे तुरुतुरु चालत होती. फाइल खराब असेल का? (पंचवटी)

फाइल ठीक आहे, वेग चुकला आहे. मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याचा वेग ठरलेला नसे. सेकंदाला १६ चौकटींपासून (फ्रेम) २४ पर्यंत काहीही चाले. आवाज आल्यावर मात्र २४ हा आकडा पक्का झाला, कारण वेग जरा हलला तरी आवाजाची पट्टी बदलते. १९२७ पर्यंत हॉलिवूडचा वेग २४ च्या जवळ आलेला होता, त्यामुळे 'इट'ला थोडीच दुरुस्ती लागते. संगणकावरच्या व्हीएलसी प्लेयरमध्ये वेग ०.९२ करून पाहा, म्हणजे साधारण २२ चौकटी होतील. संगीत जोडलेले असेल तर ते रेंगाळेल. ते बंद करून वेगळे लावा. मात्र चांगल्या पुनर्संचयित प्रतीत वेग आधीच सुधारलेला असतो, तिला हात लावू नका.

वेग बरोबर आहे की नाही हे नटांच्या हातवाऱ्यांवरून ठरवू नये, ते मुळातच चपळ असत. पाणी पाहा, पडणारे कापड पाहा. आपल्या नाशिकच्या हिंदुस्तान फिल्म कंपनीचा, दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) लावलात तर छोटा कृष्ण पाण्यात पडतो तिथले शिंतोडे पाहा. त्या काळच्या चित्रपटांना ०.६७ ते ०.७५ लागतो. पाणी पाण्यासारखे पडू लागले की थांबा.

प्रश्न : तिचा आवाज वाईट होता म्हणून बोलपट येताच ती संपली, असे सगळीकडे वाचतो. खरे आहे का? (कॉलेज रोड)

नाही. आणि ही समजूत तिच्यावर अन्याय करणारी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

क्लारा १९०५ साली ब्रुकलिनमध्ये अत्यंत गरिबीत जन्मली. १९२१ मध्ये एका मासिकाची स्पर्धा जिंकून ती चित्रपटात आली. निर्माता बी. पी. शुलबर्ग याच्याशी तिचा करार होता. तो तिला इतर कंपन्यांना भाड्याने देई, भाडे जास्त घेई आणि तिला ठरलेला पगार देऊन वरचे स्वतः ठेवी. एकट्या १९२५ मध्ये तिचे १४ चित्रपट आले. पुढे पॅरामाउंट या कंपनीत १९२७ ला 'इट' आणि 'विंग्ज' आले. 'विंग्ज'ला पहिल्याच ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. जानेवारी १९२९ या एका महिन्यात तिला चाहत्यांची ४५,००० पत्रे आली असे सांगतात.

त्याच वर्षी तिचा पहिला बोलपट आला, 'द वाइल्ड पार्टी'. आता अडचण कुठे आली ते पाहा. मूकपटात शॉट चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना देई, भाव यावा म्हणून सेटवर वाद्ये वाजत. क्लारा मनाला येईल तशी सेटभर फिरे, कॅमेरा तिच्यामागे जाई. तिची सगळी मोहिनी त्या अनपेक्षित हालचालीत होती. ध्वनिमुद्रण सुरू झाले आणि सेटवर चिडीचूप. कॅमेऱ्याचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून तो बंद पेटीत गेला, तो वळेना. माइक एका जागी, त्याच्यापासून दूर गेले की शब्द विरले. क्लाराला खडूच्या खुणेवर उभे राहणे जमेना, आणि बोलता बोलता तिचे डोळे वर टांगलेल्या माइककडे जात. तिला लहानपणापासून अडखळत बोलण्याची सवय होती, ती भीतीने वाढली. दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर हिने मग माइक मासे पकडण्याच्या काठीला बांधून तिच्या डोक्यावरून फिरवायला लावला. आजच्या बूम माइकचा हा एक आरंभ.

चित्रपट चालला, उत्तम चालला. तिने एकूण ११ बोलपट केले. आवाजाने ती संपली असती तर दुसऱ्याच चित्रपटाला घरी बसली असती.

तिला मोडले ते कामाच्या ओझ्याने आणि बदनामीने. लहानपणी आई मानसिक आजारी, घरात आधार कुणाचा नाही, झोप नाही, वर्षानुवर्षे सुट्टी नाही. जानेवारी १९३१ मध्ये तिच्या माजी सचिवावर चोरीचा खटला चालला आणि साक्षीच्या ओघात क्लाराचे खासगी आयुष्य रोज वर्तमानपत्रात आले. एका गलिच्छ साप्ताहिकाने तर धादांत खोटे छापले. त्याच्या प्रकाशकाला पुढे तुरुंगवास झाला. तोवर ती कोलमडून रुग्णालयात दाखल झाली होती आणि पॅरामाउंटशी करार संपला होता. आवाजावर खापर फोडणे त्या धंद्याला सोयीचे होते, म्हणून ती गोष्ट टिकली.

त्याच वर्षाअखेर तिने रेक्स बेल या नटाशी लग्न केले. फॉक्स कंपनीसाठी दोन चित्रपट केले आणि २८ व्या वर्षी काम थांबवले. २७ सप्टेंबर १९६५ रोजी ती वारली.

प्रश्न : तिचे केस लाल होते म्हणतात, फोटोत तर काळेभोर दिसतात. (देवळाली कॅम्प)

त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपतच नसे. लाल केस काळे, लाल ओठ काळे, निळे डोळे मात्र पांढुरके. १९२६-२७ च्या सुमारास सर्व रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म रुळली. पुढे बोलपटात आर्क दिव्यांची गुणगुण माइकवर येऊ लागली म्हणून पिवळसर उजेडाचे बल्ब आले; त्यांना तर हीच फिल्म हवी होती.

प्रश्न : आपल्याकडे असे कुणाचे झाले का? (सिन्नर)

सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स. मूकपटांत त्यांचा दबदबा होता, पण हिंदुस्तानी बोलता येत नव्हती. त्यांनी वर्षभर थांबून भाषा शिकली आणि १९३२ च्या 'माधुरी'त परतल्या. पुढे 'अनारकली'सारखे आपलेच गाजलेले मूकपट त्यांनी बोलपटात पुन्हा केले. शेवटी छोट्या भूमिकांवर आल्या, तरी १९७३ चा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. खुद्द फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि नंतर त्यावर आवाज चढवावा लागला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा एकच बोलपट. १९४४ मध्ये ते इथे नाशिकातच गेले.

प्रश्न : सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी? (नाशिक रोड)

'इट'नेच, ७२ मिनिटांचा आहे. हा चित्रपट हरवलाच असे धरले होते. १९६० च्या दशकात प्रागमध्ये प्रत सापडली. त्यात क्लारा दुकानातली विक्रेती आहे. रात्री बड्या हॉटेलात जायचे, कपडे नाहीत. मग ती अंगावरच्या कामाच्या झग्यालाच कात्री लावते, गळा कापते आणि त्याचाच पार्टीचा पोशाख करते. एक शब्द न बोलता तिची घाई, आनंद, हिंमत सगळे त्या कात्रीत दिसते. नंतर 'मॅनट्रॅप' (१९२६), मग 'द वाइल्ड पार्टी', आणि बोलपटातली तिची ताकद पाहायला 'कॉल हर सॅव्हेज' (१९३२). 'विंग्ज' जवळजवळ अडीच तासांचा आहे, त्यासाठी रविवारची दुपार ठेवा.