ट्रेनर उलटा का टिकत नाही?

प्रश्न : सर, माझ्याकडे रिमोटवर उडणारा चार चॅनलचा (चार कंट्रोलचा) हाय विंग ट्रेनर आहे, म्हणजे शिकायचं मॉडेल विमान, विंग वर बसवलेलं. लूप (उभा गोल फेरा) मस्त होतो पण रोलमध्ये (स्वतःभोवतीच्या गिरकीत) नाक खाली पडतं आणि उलटा धरला की एकतर हाइट जाते नाहीतर आपोआप सरळ होतो. मोटर मोठी टाकू का?

उत्तर : मोटर राहू द्या, स्पीड वाढला की तो सरळ उडतानासुद्धा नाक वर करत सुटेल. गडबड विंगमध्येच आहे. ट्रेनरची विंग बहुतेक वेळा खालून सपाट, वरून फुगीर असते, क्लार्क वाय टाइप (१९२२ चं डिझाइन, अजून चालतंय बघा!). विमान सरळ असताना ती हवेशी अगदी कमी अँगलला पण लिफ्ट (वर उचलणारा जोर) देते, पण उलटी केली की फुगीर बाजू खाली जाते, मग तेवढीच लिफ्ट मिळवायला नाक बरंच वर धरावं लागतं, ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढतो आणि स्टॉलही (लिफ्ट एकदम तुटणं) लवकर येतो.

दुसरं म्हणजे डायहेड्रल, विंगची टोकं वर उचललेली असतात ते. त्याने विमान स्वतःच लेव्हल होतं, नवशिक्यासाठी बेस्ट, पण उलट्यात तेच त्याला पलटवायला बघतं आणि नाइफ एजला (विमान कडेवर आडवं उडवताना) रडर (शेपटीवरचा उभा हलणारा भाग) दिला की विमान रोल व्हायला लागतं. विंग वर बसवलेली असली की हा परिणाम आणखी वाढतो, त्यामुळे नुसतं डायहेड्रल काढून पूर्ण काम होत नाही.

म्हणून एरोबॅटिकसाठी (हवेतल्या कसरतींसाठी) सिमेट्रिकल विंग, मधोमध किंवा खाली बसवलेली. वरखाली आकार सारखा, त्यामुळे तिला सुलटं काय नि उलटं काय! फक्त शून्य अँगलला ती लिफ्ट देत नाही, सतत थोडा एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीवरचा भाग) सांभाळावा लागतो. टोकाकडे फार निमुळती विंग मात्र दिसायलाच भारी, लँडिंगला स्लो केली की टोक आधी स्टॉल होऊन एक बाजू धाडकन पडते.

थ्रीडीवाली (अगदी स्लो, टोकाच्या कसरतींची) जाड विंग आणि ४५ डिग्री वळणारे एलरॉन (विंगवरचे, विमान रोल करणारे भाग) एवढ्यात नको, माझ्या मते आधी साधं लो विंग स्पोर्ट मॉडेल घ्या. उलटं करायचं ते भरपूर हाइटवर, आणि विमान खाली यायला लागलं तर स्टिक पुढे ढकला, सवयीने मागे ओढलीत तर नाक थेट जमिनीकडेच जाणार.