वाचक विचारतात: भिंतीवरचा नाच आणि झोपाळ्याची कडी

प्रश्न: ताई नमस्कार, माझी मुलगी नववीत आहे, पाच वर्षं रोप मल्लखांब करतेय. हल्ली मोबाईलवर ती मोठमोठ्या बिल्डिंगच्या भिंतीवर दोरीला लटकून नाचणाऱ्यांचे व्हिडिओ बघते आणि मला हेच करायचंय म्हणते. तिच्या बाबांचं म्हणणं, हा सर्कशीतला प्रकार, यात कला कसली. त्यात आता घरात झोपाळ्याच्या कडीला सिल्क, म्हणजे लटकून कसरती करायचं ते लांब कापड, बांधून दे म्हणून हट्ट धरलाय. बांधू का? (एक आई, सातारा)

उत्तर: आधी शेवटचं सांगते कारण ते थांबण्यासारखं नाही. नका बांधू. झोपाळ्याचं वजन दोन-चार कड्यांवर वाटलं जातं आणि आपण त्यावर बसून हलकेच झोके घेतो, सिल्कचं सगळं वजन एकाच कडीवर येतं. पोरगी ४५ किलोची धरा, ती दोर ६० अंशांपर्यंत नेऊन झोका घ्यायला लागली की अगदी खालच्या टोकाला कडीवर ९० किलोचा ताण येतो, दोर पार आडवा होईपर्यंत नेऊन सुटली तर १३५, आणि सिल्कमध्ये ते गुंडाळलेलं कापड सोडत धाडकन खाली येऊन थांबतात ना, तो हिसका तर याच्याही पुढचा. ती कडी स्लॅबमध्ये कशाला अडकवलीय हे आता बाहेरून कुणालाच दिसत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय आणि शिकवणारं माणूस व जाड मॅट असल्याशिवाय घरात काही टांगू नका, कितीही रडली तरी.

आता बाबांच्या शंकेकडे येते. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये ट्रिशा ब्राउन नावाच्या नृत्यदिग्दर्शिकेने वूस्टर स्ट्रीटवरच्या एका सात मजली इमारतीच्या गच्चीवरून एका माणसाला गिर्यारोहणाचा पट्टा-दोर बांधून भिंतीवरून खाली चालायला लावलं. उडी नाही, कोलांटी नाही, अंग भिंतीला काटकोनात, तोंड जमिनीकडे, आणि रस्त्याने जातो तसं एकेक पाऊल. बस, एवढाच कार्यक्रम! पण तसं साधं चालण्यासाठी त्या माणसाला पोटापासून टाचेपर्यंत किती ताकद लावावी लागली असेल बघा, कारण गुरुत्वाकर्षण त्याला सारखं वाकवायला बघतंय आणि त्याला मात्र दूध आणायला निघाल्यासारखं दिसायचंय. पुढच्या वर्षी त्यांनी व्हिटनी म्युझियममध्ये छतावरच्या रुळांना माणसं टांगून आतल्या भिंतींवर चालवली. असं चालणं थोडा वेळ बघत राहिलं की आपणच वर खिडकीत उभे आहोत आणि खाली रस्त्यावरून माणसं चाललीयत असं वाटायला लागतं. बघणाऱ्याची जमीनच फिरवून टाकली बाईंनी, हे कसरतीने होत नाही, याला मी कलाच म्हणते आणि ठामपणे म्हणते.

तुमची मुलगी बघते ते बहुतेक याच्या पुढच्या पिढीचं काम असणार. कॅलिफोर्नियात अमेलिया रुडॉल्फ यांनी १९९१ मध्ये बँडालूप ही नाचाची कंपनी काढली, त्या स्वतः नाचणाऱ्या आणि कडे चढणाऱ्याही. भिंतीला पाय मारून बाहेर झेपावलं की परत कधी यायचं हे नाचणारा ठरवत नाही, दोराची लांबी ठरवते. लंबकासारखंच, १० मीटर दोराचा पूर्ण झोका साधारण सहा सेकंदांचा तर ३० मीटरचा अकरा. म्हणजे ताल तबलजीच्या हातात नाही, इमारतीच्या उंचीत आहे, आणि जागा बदलली की अख्खा नाच नव्याने बसवायचा. सॅन फ्रान्सिस्कोत नृत्यदिग्दर्शिका जो क्राइटर यांनी २०१९ मध्ये तुरुंगातल्या माणसांची वाट बघणाऱ्या बायकांवर ‘द वेट रूम’ हा हवेतला प्रयोग केला, वाट बघणं म्हणजे अधांतरी असणं हे मला तरी लगेच पटलं.

आणि तुमची लेक शून्यापासून सुरू करणार नाहीये हो. मीही लहानपणी दोरावर होते, पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात तो सुती दोर धरताना सुरुवातीला तिथली कातडी कशी सोलवटायची ते अजून आठवतं. आपल्याकडे गाठ न मारता, पट्टा न लावता नुसत्या अढीवर, म्हणजे दोराला घातलेल्या विळख्यावर, शरीर तोलायचं असतं, ती पकड आणि उलटं झाल्यावर दिशा न चुकणं तिच्याकडे तयार आहे. भिंतीवर मात्र वजन कमरेच्या पट्ट्यावर येतं, हात मोकळे राहतात, आणि त्या मोकळ्या हातांचं काय करायचं हे तिला नव्याने शिकावं लागेल. कथक, भरतनाट्यम, काहीही लावा बरोबर, पण मल्लखांब सोडू देऊ नका!

प्रश्न: आमचा कॉलेजचा ग्रुप आहे, बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीवर दोराने उतरत एकांकिका करायचा विचार आहे. ट्रेकिंगचं सगळं सामान आहे आमच्याकडे. चालेल ना? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर: सामान आहे हे चांगलं, पण ट्रेकला तुम्ही एकदा उतरता आणि नाटकात तालमीसकट तोच दोर त्याच काठावर शंभर वेळा घासणार, सिमेंटची धार दोर कापते. काठाला संरक्षक हवं, प्रत्येकाला दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधलेले दोन दोर हवेत, मालकाची लेखी परवानगी हवी आणि टाकीचं बांधकाम इंजिनिअरने तपासलेलं हवं. वर एक माणूस असा ठेवा ज्याला संवाद नाहीत, नुसते दोर बघायचे, आणि तो थांबा म्हणाला की प्रयोग तिथेच थांबला पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचं, पट्ट्यात हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायात साठतं आणि काही मिनिटांत तो बेशुद्ध पडू शकतो. तेव्हा अडकलेल्या नटाला खाली आणायची तालीम संवादांच्या आधी करा, घड्याळ लावून, आणि फायर ब्रिगेड येईल म्हणून वाट बघावी लागेल अशी योजना असेल तर तो प्रयोग लावू नका.