ओळखीच्या शब्दांपासून जप

भाषांतराला नुकती सुरुवात केली आहेस, म्हणून आधीच सांगते: अवघड शब्द फारसे फसवत नाहीत, ते आपण कोशात पाहतोच. फसवतात ते ओळखीचे. 'वजन' घे. व्यवहारात ते किलोत सांगतो; भौतिकशास्त्रात किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक, आणि वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं बल, न्यूटनमध्ये मोजलेलं. ६० किलोच्या माणसाचं वजन पृथ्वीवर सुमारे ५८८ न्यूटन, चंद्रावर त्याच्या साधारण एक षष्ठांश. वस्तुमान मात्र तेवढंच. म्हणून शेजारी एकक कोणतं आहे ते आधी बघ.

एकक नसेल तर जोडीचे शब्द बघ. 'बल', 'विस्थापन' (वस्तूचं जागेवरून सरकणं) जवळ दिसले की 'कार्य' हा समारंभ नव्हे, तर बल लावून वस्तू किती सरकली याचं माप. डोक्यावर ओझं घेऊन तासभर निश्चल उभं राहिलं तर मान अवघडते, पण विस्थापन शून्य, म्हणून ओझ्यावर केलेलं कार्यही शून्य! मला हे उदाहरण फार आवडतं.

'वेग' जास्त चकवतो. बोलताना वेग म्हणजे किती जोरात, एवढंच. शास्त्रात त्याला दिशाही लागते, दिशा नसेल तर ती 'चाल'. शंका आली की शब्दाच्या जागी व्याख्या घालून वाक्य वाच. अडखळलं, तर तिथे बहुधा रोजचाच अर्थ आहे.