मुलगा खोलीत कवट्या-सापळ्यांची चित्रं लावतो. ही ‘डार्क आर्ट’ काय भानगड आहे? काळजी करावी का?

माझं दादरला फ्रेमिंगचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रश्न मला काउंटरवर नेहमी ऐकायला मिळतो. परवाच एक कॉलेजचा पोरगा बेक्शिन्स्की नावाच्या चित्रकाराच्या चित्राची प्रिंट घेऊन आला. धुरकट लाल आकाश, खाली हाडांसारखं काहीतरी. ‘डार्क आर्ट’ म्हणतात ती हीच, भीती, मरण असलं काही दाखवणारी कला. सोबत आई. “पलंगासमोर नको हं लावूस,” एवढंच म्हणाली, आणि बीडिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, मात्र स्वतः निवडली!

हा बेक्शिन्स्की (१९२९–२००५) पोलंडचा. शिकला आर्किटेक्चर. आपल्या चित्रांना तो नावं देत नसे. दुसरा स्वित्झर्लंडचा गीगर, ‘एलियन’ सिनेमातला प्राणी त्याचाच, १९८० साली ऑस्करही मिळालं. पोरं या दोघांवरच अडकतात. त्यांची नुसती नक्कल बघून मला कंटाळा येतो; कवटी काढली की भीती आलीच असं थोडंच असतं?

आपल्या मुंबईचंच बघा. १९४७ च्या दंगलीत चित्रकार तैयब मेहतांनी मोहम्मद अली रोडवरच्या घरातून, जमावाने एका तरुणाला मारताना पाहिलं. ते त्यांच्या डोक्यातून गेलंच नाही. पुढे त्यांच्या चित्रांत माणसं कोसळत राहिली. रक्ताचे सडे नाहीत, नुसते सपाट रंग, तरी पोटात खड्डा पडतो. जितीश कल्लाट या कलाकाराने तर हाडांची वाटावी अशी अख्खी रिक्षा केली, ती बघून आधी हसू येतं.

२०१० च्या शेवटी वांद्र्याला मेहबूब स्टुडिओत शिल्पकार अनिश कपूरची तोफ प्रदर्शनात लागली होती, ती मी पाहिली. माणूस येतो, लाल मेणाचा गोळा भरतो. सगळे गप्प. मग धाड! पांढऱ्या कोपऱ्यावर मेण फुटतं आणि लोळा भिंतीवरून सावकाश घसरतो. भूत नाही, कवटी नाही, पण शेजारच्या काकूंनी माझा दंड धरला होता. ओळख ना पाळख.

तेव्हा काळजी सोडा. मुलाला एखाद्या रविवारी जहांगीर आर्ट गॅलरीत घेऊन जा, तिकीट नाही. आणि त्या प्रिंटला साधी काच लावू नका. काळ्या चित्रात मग फक्त ट्यूबलाइट आणि आपलंच तोंड दिसतं. नॉन-ग्लेअर, म्हणजे न चमकणारी काच सांगा, थोडी महाग पडते.