गोव्याच्या रुग्णालयात इतक्या धर्मांचे, भाषांचे रुग्ण येतात. नर्सने प्रत्येकाच्या चालीरीती कशा सांभाळायच्या?

तुम्ही लिहिलंय की सांगलीहून जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून म्हापशाकडच्या एका रुग्णालयात रुजू झालात. वॉर्डात हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, कर्नाटकातून आलेले मजूर असे सगळे आहेत. सगळ्यांच्या रीती पाठ कशा करायच्या आणि चूक झाली तर काय, ही धास्ती आहे.

मी सावंतवाडीकडची, 22 वर्षं गोव्यात नर्स आहे. माझं सांगणं, पाठ करू नका. एकाच वाड्यावरचे दोन ख्रिस्ती शेजारी सारखे नसतात, दोन मराठा घरंही नसतात. रुग्णाला विचारा, आणि त्याने सांगितलेलं लिहून पुढच्या ड्युटीच्या हातात द्या. यातला दुसरा भाग मला उशिरा कळला.

सत्तरीतल्या एका आजींची पोटाची शस्त्रक्रिया होती. दंडाला काळा दोरा, त्यात गावच्या देवळातला ताईत. दुपारी त्यांनी तो हाताने झाकून धरला. मी सर्जनना विचारलं. धातू नव्हता आणि दंड शस्त्रक्रियेच्या जागेपासून लांब होता, म्हणून वरून पट्टी लावून राहू द्या म्हणाले. मी आजींना तसा शब्द दिला आणि ड्युटी संपवून घरी गेले. कुठेही लिहिलं नाही. पहाटे तयारी करणाऱ्या सिस्टरने यादीत होतं तसं केलं, दोरा कात्रीने कापून कचऱ्यात टाकला. तिचा काहीच दोष नव्हता. शस्त्रक्रिया उत्तम झाली, पण आजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या, पेजेला हात लावेनात. मी जवळ गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "तुवें सांगिल्लें न्हय गो?" (तू सांगितलं होतंस ना गं?) त्या दिवसापासून अशी कुठलीही गोष्ट मी केसपेपरवर लिहिल्याशिवाय घरी जात नाही.

आता विचारायचं कसं. आधी स्वतःची जीभ तपासा. न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेटी रॅम्सडेन यांनी शुश्रूषेत हाच विचार आणला, की रुग्णाची संस्कृती शिकण्याआधी नर्सने स्वतःकडे पाहावं, आणि आपण सुरक्षित आहोत की नाही हे रुग्णाने ठरवावं. मी स्वतःकडे पाहिलं तेव्हा दिसलं की पणजीच्या बाईंना मी "तुम्ही" म्हणत होते आणि बांधकामावरच्या लमाणी बाईला, वयाने माझ्याएवढीच असून, "तू". ते मी मुद्दाम थांबवलं. उलट बाजूनेही लक्षात ठेवा, कोकणीत "तूं" जवळिकीने सहज येतं, म्हणून एखादे अंकल तुम्हाला एकेरीत बोलले तर तो अपमान समजू नका. सरसकट "मावशी", "काका" म्हणण्याआधी काय म्हणू ते विचारा. अनेक ख्रिस्ती घरांत आंटी, अंकलच रुळलेलं असतं.

भाषा कळते असं वाटतं तिथेच मराठी माणूस फसतो. कोकणीत "जोर आयला" म्हणजे ताप आला. नवीन मुलगी ऐकते आणि तिला वाटतं, अंगात ताकद आली! तकली म्हणजे डोकं, वखद म्हणजे औषध, फाल्यां म्हणजे उद्या. हे चार-पाच शब्द पहिल्या आठवड्यातच शिका. कन्नड रुग्णासाठी त्याच्या दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नका. आईची पाळी, बाळंतपण, गर्भपात मुलाच्या तोंडून विचारायचे विषय नाहीत. नवराही कधी कधी अर्धं गाळून सांगतो. कन्नड येणारी एखादी आया किंवा सिस्टर बहुतेक सापडते, ती कुठल्या ड्युटीला आहे तेही लिहा.

दुखण्याचं तसंच. "दहापैकी किती दुखतं?" याला म्हातारी माणसं "दुखता" एवढंच उत्तर देतात. आपल्या माणसाला विचारा, ठणकतं, कळ येते, सलतं, की भगभगतं आणि मुंग्या येतात? भगभग आणि मुंग्या म्हणाला तर दुखणं नसेचं असू शकतं आणि त्याचं औषध वेगळं असतं. रुग्णाचा शब्द आहे तसाच नोंदवा, डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.

अमेरिकन नर्स मॅडेलीन लेनिंजर यांनी शुश्रूषा आणि मानवशास्त्र यांची सांगड घातली. त्यांनी तीन वाटा सांगितल्या आहेत. रीत जपावी, तिच्याशी जुळवून घ्यावं, किंवा रुग्णाबरोबर बसून ती बदलावी. पुस्तकात हे कोरडं वाटतं, पण बाळंतिणींच्या वॉर्डात या तिन्ही वाटा एकाच खाटेवर दिसतात. सासू डिंकाचे नि अळिवाचे लाडू आणते, ते खुशाल खाऊ द्या. बाळंतिणीला मधुमेह असेल तर गूळ किती, एवढं बोला. अंग चोळणं चालेल, पण सिझेरियनच्या टाक्यांपासून दूर. मात्र पहिला पिवळा चीक पिळून टाकणं, बाळाला मध चाटवणं आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ही तिसऱ्या वाटेची कामं आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो, कोंडलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. हे सुनेला ओरडून सांगण्यात अर्थ नाही, घरात निर्णय सासूचा असतो. मी आजीलाच खुर्ची देते आणि विचारते, "तुमच्या वेळी काय करायचे?" ऐकून घेते, लाडवांचं कौतुक करते, मग मधाचं सांगते. आजपर्यंत फार थोड्या आज्यांनी ऐकलं नाही.

गोव्यात तुम्हाला हमखास भेटेल तो कौल, म्हणजे देवाला विचारून निर्णय घेणं. मांडीचं हाड मोडलेल्या वृद्धाला शस्त्रक्रियेसाठी तयार करावं आणि मुलगा म्हणतो, देवीला पाकळी लावून विचारल्याशिवाय सही नाही. इथे चिडून उपयोग नाही. अशी शस्त्रक्रिया शक्यतो पहिल्या दोन दिवसांत व्हावी लागते, नाहीतर झोपून राहिल्याने न्यूमोनिया, रक्ताच्या गाठी, पाठीला जखमा असा त्रास वाढतो. ही मुदत मी मुलाला घड्याळ दाखवून सांगितली आणि विचारलं, देऊळ किती वाजता उघडतं? तो पहाटे गेला, नऊला परत आला, सही झाली. कौल विरुद्ध पडला असता तर डॉक्टरांनी पुन्हा बोलणं आणि नकार लेखी नोंदवणं हाच मार्ग होता. आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर सही त्याची, मुलाची नव्हे. हे त्या गडबडीत आपणही विसरतो.

रमजानमध्ये इन्सुलिनवर असलेल्या रुग्णाला "रोजा ठेवणार का?" असं आधीच विचारा. आजाऱ्याला धर्मातच सूट आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं, तरी काहीजण ठेवतात आणि आपल्यापासून लपवतात. ते सांगतील असं वातावरण ठेवा, डॉक्टरांकडून डोसच्या वेळा बदलून घ्या, आणि साखर 70 च्या खाली गेली तर रोजा सोडायचा हे आधीच ठरवून घ्या. रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून देतात ते हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून बनतं, हेही कुणी विचारलं तर खरं सांगा. पर्याय आहे का, ते डॉक्टर बघतील.

शेवटच्या घटकेचं मात्र आयत्या वेळी विचारू नका. पाद्रीला बोलवायचं का, तोंड किब्ल्याकडे (मक्केच्या दिशेला) करायचं का, अंगाला कुणी हात लावायचा, हे नातेवाइकांना एक दिवस आधी हळू आवाजात विचारावं. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात गंगाजळ ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं, म्हणून मी कापसाने ओठ ओले करायला देते. मुलीच्याच हातून.

राहिला प्रश्न लिहायचं कुठे, कारण छापील फॉर्मवर "धर्म" एवढाच एक रकाना असतो आणि त्याचा काही उपयोग नाही. मी नर्सिंग नोट्सच्या वर लाल पेनाने एक ओळ लिहिते. उदाहरणार्थ : "दंडावरचा दोरा कापू नये, पट्टी लावावी, सर्जनची परवानगी आहे. सोमवारी मासे नाहीत. कन्नड, रात्रपाळीच्या आयाला बोलवा." हँडओव्हरच्या वेळी, म्हणजे पुढच्या ड्युटीकडे रुग्ण सोपवताना, ती ओळ खाटेजवळ उभं राहून मोठ्याने वाचा, रुग्णाला ऐकू जाईल अशी, म्हणजे काही चुकलं असेल तर तो तिथेच सांगतो. खाजगी गोष्ट मात्र बाहेर येऊन सांगा. तुमच्या इन्चार्ज सिस्टरला आवडलं नाही तर पहिले काही दिवस फक्त स्वतःच्या खाटांसाठी करा.